बैठक

मोटारीच्या बॉनेटखालच्या ज्या वस्तूंची दखल सहसा कोणी घेत नाही, त्यांत एअर क्लीनरचा क्रमांक बराच वर लागावा. बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही, रेडिएटर तापला की वाफ दिसते, ब्रेक सैल पडले की जिवाचा थरकाप होतो. कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसवलेला हा पत्र्याचा गोल डबा मात्र कसलीच तक्रार करीत नाही. तो सरळ बसला असेल तर गाडी चालते, वाकडा बसला असेल तरी चालते आणि मुळात नसला तरीही चालते. किंबहुना नसला तर जरा बरीच चालते, असे छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री आम्हाला एकाहून अधिक भेटले आहेत. गेली काही वर्षे आम्ही दोघे या डब्याच्या सरळ बसण्यामागे लागलो आहोत. मराठीच्या दोन प्राध्यापकांनी एवढा वेळ ज्ञानेश्वरीच्या एखाद्या अध्यायाला दिला असता तर बरे झाले असते, असे आमचे सहकारी म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे नाही. पण या डब्याच्या निमित्ताने काही गोष्टी आम्हाला नव्याने दिसल्या, त्यांची ही नोंद.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८७ सालची. आमच्यापैकी एकीच्या वडिलांची. त्यांना आम्ही दोघेही नाना म्हणतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ११०० जातीची गाडी तयार होऊ लागली. तिलाच सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चोक हाताने ओढायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा वृत्तपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. हळहळ सोपी असते. खाजगी मालकीच्या ज्या थोड्या पद्मिनी अजून चालत्या आहेत त्यांना हळहळीचा उपयोग नाही; त्यांना मापाचे रबरी कडे हवे असते.

पेट्रोल हवेच्या आधाराने जळते हे शाळेत शिकलेले असते. किती हवेच्या, हे बहुधा शिकलेले नसते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा लागते. आकारमानाने हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा. आमच्या गावाहून सोलापूर सत्तर किलोमीटर. जाऊन येऊन आमची गाडी अकरा-बारा लिटर पेट्रोल पिते. म्हणजे एका फेरीत एक लाख लिटर हवा त्या डब्याच्या वाटेने आत जाते. ज्यांच्या गल्लीत मे महिन्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो त्यांना ही संख्या डोळ्यांपुढे आणता येईल. दहा टँकर हवा. आणि ही हवा कुठली, तर मुरमाच्या रस्त्यावरची, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागची, उन्हाळ्यात रानारानांतून उठणाऱ्या वावटळींची. धुळीत गारेचे जे सूक्ष्म कण असतात ते ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा कणही सिलिंडर आणि पिस्टनची रिंग यांच्यामध्ये सापडला की एक बारीक ओरखडा काढून जातो. तोच कण तेलात उतरला की तेल हे तेल राहत नाही. ते पॉलिश पेपरचे काम करू लागते.

हा डबा आणखी दोन कामे करतो, ती जाता जाता सांगतो. इंजिन हवा ओढते तेव्हा मोठा घोरल्यासारखा आवाज होतो, तो डब्यात दबतो. आणि कधी कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आलाच तर ज्वाळेला तिथेच अडवणारे काहीतरी असते. पण मुख्य काम धूळ अडवण्याचे. त्यासाठी आत घड्या घातलेल्या कागदाची गोल चकती असते. सगळे लोक त्या कागदाकडे पाहतात : काळा झाला का, बदलायला हवा का. डबा ज्या गोल काठावर टेकतो त्या काठाकडे कोणी पाहत नाही. खरी गोम तिथे आहे.

हवा आळशी असते. कागदातून जायचे तर तिला जोर लावावा लागतो. फटीतून जायला काहीच लागत नाही. त्यामुळे काठापाशी नखाएवढी फट राहिली तर तिच्यातून जाणाऱ्या हवेचे प्रमाण फटीच्या आकारमानावरून वाटते त्याहून पुष्कळ जास्त असते, आणि कागद जसजसा धुळीने भरत जातो तसतसे ते वाढत जाते. यातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. घट्ट बसलेला जुना, मळका फिल्टर हा वाकड्या बसलेल्या कोऱ्या फिल्टरपेक्षा इंजिनाचे रक्षण जास्त करतो. कागदावर साचलेला धुळीचा थर तर नव्या धुळीला आणखी बारकाईने गाळतो. फार भरला की इंजिनाचा दम कोंडतो, तेव्हा तो बदलावा लागतो, एवढेच. जे लोक दर महिन्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरच्या हवेने फटाफट झटकतात, ते कागदाला बारीक भोके पाडतात आणि प्रत्येक वेळी डब्याची बैठक नव्याने बिघडवतात. (गेल्या काही वर्षांत आमच्यापुढे इतके अभ्यासक्रम नव्याने आले आणि ते जुन्याच ढिल्या काठावर ठेवले गेले, की ही गोष्ट आम्हाला पटकन समजली. पण ते रूपक इथेच थांबवू.)

आमच्या गाडीची कथा अशी. २०१९ साली काचबिंदूमुळे नानांनी गाडी चालवणे सोडले. मग टाळेबंदी आली, गाडी दीड वर्ष शेडमध्ये उभी राहिली. २०२१ च्या अखेरीस एका गॅरेजने ती पुन्हा चालू करून दिली, त्याबद्दल त्यांचे कौतुकच. पण मूळ डबा तळाशी गंजून गेला होता, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, वरून पाहता तसाच दिसणारा डबा बसवून दिला. पहिल्याच फेरीत शेजारच्या आसनावर बसलेले नाना म्हणाले, “हिच्या घशात वारा शिरतोय.” नानांना समोरचा फलक वाचता येत नाही, पण त्या इंजिनाचा आवाज ते तेहेतीस वर्षे ऐकत आले होते. घरी येऊन बॉनेट उघडले. बॉनेटच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा ताजा ओरखडा होता. डब्याचे झाकण तिथे घासत होते. डबा काढला तर कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एका बाजूने राखी रंगाचा धुळीचा ओघळ आत गेलेला. बाकीचा काठ स्वच्छ होता. धुळीने स्वतःच आपली वाट रेखून ठेवली होती.

असे का झाले हे समजायला आम्हाला दोन रविवार लागले. डबा दोन ठिकाणी धरलेला असतो. तळाच्या भोकाभोवतीचे रबरी कडे कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसते, आणि बाजूची एक पट्टी टॅपेट कव्हरजवळच्या स्टडला आवळली जाते, म्हणजे डब्याचे सगळे ओझे कार्ब्युरेटरवर पडत नाही. मूळ डब्यात या दोन जागा एकमेकींना ओळखून केलेल्या होत्या. नव्या डब्याच्या पट्टीचे भोक तीन मिलिमीटर बाजूला होते. नट आवळला की पट्टी डब्याला आपल्याकडे ओढी, डबा तिकडे कलंडे, आणि पलीकडच्या बाजूला कडे काठावरून उचलले जाई. वरून पाहणाराला डबा घट्ट दिसे, हलवून पाहिला तर हलत नसे. घट्ट असणे आणि बसलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तपासायला हात पुरत नाही.

गॅरेजचा उपाय म्हणजे नट आणखी आवळणे. हा उपाय जुन्या गाड्यांचे सर्वात जास्त नुकसान करणारा असावा असे आता आमचे मत झाले आहे. कार्ब्युरेटर हा मऊ मिश्रधातूचा ओतीव भाग. झाकणावरचा मधला नट अडाणी जोराने पिळला की कार्ब्युरेटरचा वरचा भाग कमानीसारखा वाकतो. मग त्यातला चोकचा पडदा घासू लागतो, थंडीत गाडी उठत नाही, आणि त्याचे खापर पेट्रोलवर फुटते. आमच्या कार्ब्युरेटरवर पोलादी पट्टी आडवी धरून पाहिली तर मधे उजेड दिसत होता.

याच सुमारास दुसऱ्या एका मिस्त्रींनी आम्हाला सल्ला दिला, “सर, हा डबा काढूनच टाका. मॅडमना विचारा, पिकअप किती वाढतो ते. उगाच डोक्याला ताप.” आम्ही तसे करून पाहिले नाही, पण त्यांचे म्हणणे सरसकट खोटे नव्हते. अडथळा काढला की इंजिनाला दम जरा मोकळा मिळतो. शर्यतीच्या काही जुन्या गाड्यांना तर फिल्टरच नसे. पण त्या इंजिनांचे आयुष्य तासांत मोजत, आणि शर्यत संपली की ती खोलून ठेवत. आमच्या इंजिनाचा बोअर २००९ साली एकदा वाढवून झालेला आहे. मशीन शॉपवाले म्हणतात, अजून एकदा वाढवता येईल; मग स्लीव्ह घालायची, आणि मापाचे पिस्टन मिळतील तिथून शोधत फिरायचे. डबा वाकडा असतानाच्या आठ महिन्यांत तेलाची भर हजार किलोमीटरला पाव लिटरवरून अर्ध्या लिटरवर गेली होती. मागे निळसर धूर दिसू लागला होता. आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी पास झाली! यात त्या यंत्राचा दोष नाही. किती वायू बाहेर पडतो हे ते मोजते. आत काय झिजते आहे हे त्याला विचारलेलेच नसते.

आमच्या विषयात याला एक जवळचे उदाहरण आहे. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की हस्तलिखितातली जी चूक वाक्य मोडते ती फार काळ टिकत नाही. पुढचा लेखनिक अडखळतो, विचार करतो, दुरुस्त करतो. जी चूक वाक्याला चालू देते, थोडा वेगळा पण लागणारा अर्थ देते, ती शतके टिकते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढची खरी अडचण वाचता न येणाऱ्या ओव्यांची नसावी. सहज वाचता येणाऱ्या, गोड लागणाऱ्या, पण ज्ञानेश्वरांच्या नसलेल्या शब्दांची असावी. तिथे संशय घ्यायला बाहेरचे काहीच कारण नसते. गाडी चालतेच आहे, मग डबा कशाला उघडायचा? आम्ही हे वर्गात वीस वर्षे सांगत होतो. धुळीचा तो राखी ओघळ बोटाने पुसताना त्याचे वजन कळले.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी हसला. त्याच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे, तेलाच्या वाटीचा फिल्टर असलेला. हवा तेलावर आदळून वळते आणि धूळ तेलात बसते. तो म्हणाला, “सर, वाटी कलली तर तेल एका अंगाला जातं. आमचे वडील नांगरट झाली की वाटी काढून खालचा गाळ बोटानं मोजतात. गाळ दिसला नाही की शिव्या देतात.” वर्ग हसला, पण आम्हाला त्या वडिलांचे तर्कशास्त्र अचूक वाटले. गाळ दिसला नाही याचा अर्थ धूळ नव्हती असा नाही. ती दुसरीकडे गेली. मौखिक परीक्षेत याहून चांगले उत्तर आम्ही क्वचित ऐकले आहे.

बैठक हा शब्दही याच काळात आमच्यासाठी बदलला. गाण्याची बैठक, लावणीची बैठक, विद्वत्तेची बैठक, आणि अलीकडे प्राचार्यांच्या दालनातली बैठक, जिच्यातून काहीच बसत नाही. मिस्त्री मंडळी मात्र हा शब्द सर्वात काटेकोरपणे वापरतात. व्हॉल्व्हची बैठक, डब्याची बैठक, ‘बैठक घेतली’, ‘बैठक सोडली’. दोन पृष्ठभाग सर्व बाजूंनी सारखे टेकणे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात जोर नाही, आवळणे नाही. मर्ढेकरांच्या काळापासून आमच्या साहित्यात यंत्र पुष्कळदा आले, पण बहुधा माणसाच्या हलाखीची खूण म्हणून. यंत्राची देखभाल करणाराचा हात, त्याची शब्दकळा, त्याची शंका घेण्याची रीत यांना आमच्या ललित गद्यात फारशी जागा मिळाली नाही. ज्यांनी लिहिले त्यांनी गाडी लांबून पाहिली, हे एक कारण असेल.

शेवटी डबा बसला तो असा. कार्ब्युरेटरचा वरचा भाग उतरवून सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि त्यावर तो हलक्या हाताने आठाच्या आकड्यासारखा घासत नेला, मधला उजेड जाईपर्यंत. पट्टीचे भोक गोल कानसाने लांबट केले, म्हणजे स्टडला तिच्यात सरकायला जागा झाली, आणि वर रुंद वॉशर टाकला. मग क्रम बदलला. आधी पट्टी सैल सोडून डबा फक्त तळाच्या काठावर ठेवायचा, दोन्ही हातांनी किंचित फिरवून कडे स्वतःहून बसू द्यायचे. टॅपेट कव्हरकडून येणारी वाफेची नळी पिळलेली नाही ना ते पाहायचे, कारण रबर पिळलेले असले की ते डब्याला दिवसभर हळूहळू फिरवत राहते. त्यानंतर मधला नट बोटांनी, पाना न लावता, टेकेपर्यंत. आणि पट्टी सर्वात शेवटी, ती जिथे येईल तिथे. आधार देणाऱ्या भागाने बसणाऱ्या भागाची जागा ठरवू नये, हे सूत्र.

बैठक तपासायला नानांनी जुनी युक्ती सांगितली. काठाला बोटभर काजळी लावायची, डबा बसवून उचलायचा आणि कड्यावर उठलेला ठसा पाहायचा. पहिल्या खेपेला ठसा पाऊण वर्तुळाचा उठला. तिसऱ्या खेपेला पूर्ण. बॉनेटची उंची तपासायला स्वयंपाकघराची मदत झाली. झाकणावर चार ठिकाणी कणकेच्या गोळ्या ठेवल्या, बॉनेट बंद करून उघडले आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजली. एका बाजूला कणीक कागदासारखी झाली होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते आणि गाडीला जोर दिला की ते डुलते. तेव्हा उभ्या गाडीत एवढेच अंतर असेल तर चालत्या गाडीत झाकण बॉनेटला लागणारच. पुढची दोन्ही माउंटिंग दबलेली निघाली. ती बदलल्यावर बोटाच्या अर्ध्या पेराइतकी जागा मिळाली. चंद्रकोरीवर रंग लावला नाही. नवा ओरखडा उठला तर जुन्याशी ताडून पाहता येईल.

तेलाची भर मात्र कमी झाली नाही. झिजले ते झिजले; हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तो अजून अर्धाच आहे, पाऊण झालेला नाही. सोलापूरची सोळा फेऱ्यांची नोंद आमच्याकडे आहे. नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते, पुढचे २०२७ साली. तोवर बोअरला हात लावायचा नाही असे तूर्त ठरले आहे. नाना व्हरांड्यात बसून गाडी सुरू झाल्यावर कान देतात आणि बहुधा काही बोलत नाहीत.

एक काम राहिले आहे. आताचे रबरी कडे उन्हाने कडक होत चालले आहे, वाकवले की कडेला बारीक भेगा दिसतात. सोलापुरात मापाप्रमाणे रबर पाडून देणारा एक कारागीर आहे. तो म्हणतो, जुने कडे पाठवा, तसेच हुबेहूब करून देतो. पण हे कडे चार वर्षे दुसऱ्या गाडीच्या डब्यात दबून स्वतःच लंबगोल झालेले आहे. तेव्हा ते पाठवायचे नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाचा काजळीचा ठसा कागदावर घेऊन, आतला आणि बाहेरचा व्यास तीन-तीन ठिकाणी मोजून, तो कागद येत्या शनिवारी द्यायचा आहे.